पोलीस चौकीतला नको, घरातला फोटो

व्हर्डेल लहान असताना तिच्या आईचं एका बातमीदाराशी दारातच वाजलं होतं, ते तिने आतून ऐकलं.

"पोलिसांनी माझ्या भावाला गोळी घातली, आणि तुम्ही फोटो छापलात तो अटकेच्या वेळी चौकीत काढलेला? गोऱ्यांचं पोर गेलं की बरा शाळेतला हसरा फोटो सापडतो!"

"बाई, मिळाला तो छापला."

"माझं दार वाजवायला हात मोडले होते का?"

पुढे अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या त्या काळ्या लोकांच्या वस्तीत कुणाचं पोर असं गेलं, की व्हर्डेल स्वतः दार वाजवायची, घरातला फोटो मागून घ्यायची आणि वस्तीच्या साप्ताहिकाला नेऊन द्यायची.

म्हातारपणी डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं होतं. पण डॉक्टर काही वस्तीतल्या ओडेसा नावाच्या बाईच्या जिन्यापाशी उभे नव्हते. पोलिसांनी गाडी अडवून ओडेसाच्या मुलाला मारलं होतं, आणि टीव्हीवर सकाळपासून त्याचा चौकीतलाच फोटो चालला होता.

"आता काय उपयोग, मावशी? जगाने तोच पाहिला."

"टीव्हीवाल्यांना तोच चेहरा विकता येतो, बाई. पण रविवारी चर्चमधली पोरं आपला पेपर उघडतील. त्यांनी कुठला पाहायचा?"

ओडेसाने भिंतीवरचा, निळ्या कोटातला हसरा फोटो काढून दिला.

व्हर्डेलची ती शेवटचीच खेप. बसने जाऊन तिने फोटो संपादकापुढे ठेवला आणि नेहमीसारखं दटावलं, "पहिल्या पानावर घ्या. आणि हसू कापू नका."