जादूगाराचं पथ्य

नांदेडहून ऑफिसजवळच्या माण गावात भाड्यानं राहायला आलो तेव्हा माझ्या सामानात शहाणपणाचीच बॅग सगळ्यात जड होती.

दर रविवारी दुपारी घरमालकांच्या पडवीत ऑफिसातले आम्ही तिघं खेळायला बसायचो. मैत्रीण गोष्ट रचत जायची, आम्ही दोघं त्यातली पात्रं व्हायचो, अडलं की फासे टाकायचे. मी जादूगार, माझा रूममेट तलवारबाज. कुलूप असो, दरी असो, राक्षस असो, माझ्याकडे मंत्र तयार. त्याची तलवार उपसून होईतो मी राक्षस जाळून मोकळा! नियमात बसतंय ना, मग झालं, असं वर तावातावानं सांगायचो.

एका रविवारी खेळ मध्येच थांबवून तो म्हणाला, "आजचा शेवटचा. तसाही मी असून नसल्यासारखाच." या गावात माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस होतं.

मालकीणकाकू शेजारीच पावटे सोलत होत्या. "तुझ्या जादूगाराला पथ्य न्हाई व्हय कसलं?" त्या मला म्हणाल्या. "माझ्या म्हायेरी, मालेला, माझा बाप इच्चू उतरवायचा. कुनी हाक मारली की भरल्या ताटावरनं उठायचा. त्या घरचा चहासुदिक घ्यायचा न्हाई. एकदा न्हाई म्हनलं की मंत्र गेला, आसं हुतं. तुझा लई मोकाट हाय."

मंत्रानं विंचू उतरतो यावर माझा काडीचा विश्वास नाही. काकूही नातवंडांना दवाखान्यातच नेतात. तरी मला आधी राग आला आणि मग लाज वाटली.

मी तिथल्या तिथे नियम बदलायला लावला. सोबत्यानं हाक मारल्याशिवाय मंत्र घालायचा नाही, हाक आली की हातातलं टाकून जायचं आणि लुटीत वाटा मागायचा नाही.

तासाभरानं, जिच्यासाठी महिनाभर झटत होतो त्या पोथीवर माझ्या जादूगारानं हात ठेवला, आणि पुलावरून तलवारबाजाची हाक आली. मुद्दामच मारली असणार. पोथी सोडताना जीव तुटला, पण गेलो. "काय करू?" मी विचारलं.

"पुलाचा दोर धर. लढतो मी."

मी दोर धरून बसलो आणि पहिल्यांदाच त्याला खेळताना बघितलं. फार सुंदर खेळतो तो. इतके रविवार समोर बसून मला हे ठाऊकच नव्हतं! काकूंचे हे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

फासे डबीत भरता भरता त्यानं विचारलं, "पुढच्या रविवारी दोनलाच ना?"