देल्फिनाच्या फाटकापासून झेंडूची वाट

मिचोआकानच्या डोंगरात, ओयामेल नावाच्या सूचीपर्णी झाडांच्या रानाखालच्या त्या गावात एर्मेलिंदाबाईंच्या जिभेला सगळे टरकून असत. फक्त नवऱ्यापुढे त्या जिभेची मात्रा चालत नसे. हा मकारियो बायकोच्या हातचं मिटक्या मारत खायचा आणि दर रविवारी जाऊन बसायचा तो पलीकडच्या गल्लीत, देल्फिनाच्या अंगणात. संध्याकाळ झाली की बाई शाल आवळून निघायच्या, त्याची कॉलर धरायच्या आणि गावादेखत त्याला घरी आणायच्या. एखाद्या रविवारी चर्चची प्रार्थना चुकेल, पण हा कार्यक्रम वर्षानुवर्षं कधी चुकला नाही.

उन्हाळ्यात मकारियो गेला. नोव्हेंबरात मृतांचा सण आला, आणि उत्तरेकडून मोनार्क फुलपाखरं यायची वेळ झाली. आपली गेलेली माणसं या फुलपाखरांच्या रूपाने घरी येतात, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की मकारियो उतरणार कुणाकडे? गावाला चघळायला आयता विषय मिळाला. बाईंची मात्र झोप उडाली. मेल्यावरही हा त्या बयेकडेच गेला, तर तोंड कुठे लपवायचं?

सणाला लोक झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, ती स्मशानाकडून घरातल्या वेदीपर्यंत. बाईंनी ती थेट देल्फिनाच्या फाटकापासून घातली. पाद्रीबाबांनी हटकलंच.

"त्याला घरी यायचा दुसरा रस्ता ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "स्मशानाकडून घातली तर चुकेल मेला."

वेदीवर त्यांनी मोले नावाच्या तिखट रश्शातली कोंबडी ठेवली, घायपाताच्या दारूचा मग ठेवला आणि त्याचा फोटो ठेवला. त्या फोटोतही कडेला बाईंचा हात आणि हातात कॉलर दिसत होती.

दुपारी फुलपाखरं आली. आभाळ केशरी झालं. बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या छपरावरून, झेंडूवरून, कोंबडीच्या वासावरून सगळा थवा बिनदिक्कत पुढे गेला आणि देल्फिनाच्या अंगणात उतरला. बघ्यांतल्या एकीने मोठ्या मायेने विचारलं, आता कॉलर कुठे धरणार, बाई?

बाईंनी शाल आवळली आणि निघाल्या.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. उंबऱ्यात देल्फिना बसली होती, डोळे सुजलेले.

"घेऊन जा तुमचा," ती म्हणाली. "यातला कुठला ते तुम्हीच ओळखा. पण ताई, खरं सांगू? माझी टाकी गळतेय, सगळा चिखल झालाय. ही पाणी प्यायला उतरलीत. ताट वाढून मीही बसले होते. इकडे नाही आला तो."

बाईंनी वाकून पाहिलं. खरंच, सगळी ओल्या मातीत सोंड खुपसून बसली होती.

"पाणी?" बाई म्हणाल्या. "मग यात तो नाहीच. उभ्या जन्मात पाण्याला शिवला नाही."

फाटकाशी हशा पिकला. देल्फिनालाही हसू आलं. बाई जिंकल्या होत्या. त्या ताठ मानेने वळल्या, झेंडूच्या वाटेवर दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. या वाटेने रिकाम्या हाताने त्या कधीच परतल्या नव्हत्या. त्या तिथेच पाकळ्यांवर बसल्या आणि रडू लागल्या. देल्फिना उठून जवळ आली.

"तुझ्याकडे असता तर बरं झालं असतं गं," बाई म्हणाल्या. "ओढून तरी आणला असता."