आत्यावरची कविता

पाचवीत गेले त्या वर्षी माझ्या छातीत डाव्या बाजूला एक गाठ आली. बोराच्या बीएवढी. दप्तराचा पट्टा नुसता घासला तरी डोळ्यांत पाणी यायचं. उजवीकडे काहीच नव्हतं, म्हणून मला खात्री होती की हा आजार आहे. लातूरच्या आमच्या इंग्लिश मीडियम शाळेत शरीराचे भाग तोंडपाठ करून घेतले होते, पण पुस्तकातल्या चित्रातलं माणूस पाटीसारखं सपाट. मी कुणालाच काही सांगितलं नाही. रोज शाळेतून आले की गाठ गेली का, ते तपासायचे.

दिवाळीला मुदखेडची आत्या माहेरी आली. नरक चतुर्दशीला सगळ्या पोरांना उटणं तीच लावते. माझे खांदे खसाखसा चोळताना तिचा हात घसरला आणि मी किंचाळले.

आत्या थांबली, हसली आणि न्हाणीतूनच ओरडली, "ओ वहिनी! पोरगी मोठी होऊन राहिली की तुमची! आता फ्रॉक बंद करा म्हणलं!"

मी आजारी नाही, हे मला असं कळलं. बैठकीत चहा पीत बसलेल्या काकांनाही तेव्हाच कळलं.

मग दिवसभर जो येईल त्याला आत्या फराळाबरोबर हीच बातमी वाढत होती. पुरुष माझ्याकडे बघून नजर वळवायचे, बायका बघून हसायच्या. मी हातांची घडी घालून फिरत होते. शेवटी आईला म्हटलं, "आत्याला सांग ना, नको बोलूस म्हणून."

"असू दे गं. मोठ्या आहेत त्या. चार दिवसांच्या पाहुण्या."

आई काही करणार नाही हे कळलं. मग मीच करायचं ठरवलं.

पाडव्याला गल्लीतल्या बायका फराळाला आल्या. आत्याने मला सगळ्यांच्या मधोमध ओढलं. "आमची पोरगी इंग्लिश फाडफाड बोलती. म्हण गं एक कविता. लाजती कशाला? आता काय ल्हान हायेस का?"

बायका खुदखुदल्या.

मी हात मागे बांधले आणि चालीत, इंग्लिशमध्ये म्हणायला लागले. हिच्या हनुवटीवर केस आहेत. हिला मान नाही, डोकं थेट खांद्यांवर ठेवलंय. ही बसली की हिचं पोट मांडीवर येऊन बसतं. ही हसते तेव्हा सगळं हलतं, हलतं, हलतं. यमकंसुद्धा जुळवली होती. आत्या तालावर मान डोलवत होती. स्वयंपाकघराच्या दारात आई चकल्यांचं ताट घेऊन उभी होती. आई बी.ए. झालेली आहे. ती जागची हलली नाही.

टाळ्या पडल्या. "काय ग्वाड म्हणली!" आत्या म्हणाली. "आता अर्थ सांग सगळ्यांना."

"मोठ्याने सांगू?"

"सांग की!"

मी तिच्याजवळ गेले, कानाला तोंड लावलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं स्वच्छ मराठीत सांगितलं. मग म्हटलं, "माझ्याबद्दल परत कुणाला काही सांगितलंस, तर हेच मोठ्याने म्हणेन. मराठीत."

आत्याने पदर ओढून पोटावर घेतला. शेजारच्या काकू पुढे सरकल्या. "काय म्हणली ओ अक्का?"

"काय न्हाई," आत्या म्हणाली. "देवाची कविता हाय."

पुढच्या वर्षभरात माझ्यात जे जे बदललं, त्यातलं काहीही त्या घरात कुणाच्या चहाबरोबर गेलं नाही. आत्याने मला पुन्हा कधी कविता म्हणायला लावली नाही.

त्या भाऊबीजेचा फोटो बैठकीत अजून आहे. बाबांना ओवाळताना आत्याच्या एका हातात ताट आहे. दुसऱ्या हाताने तिने हनुवटी झाकून घेतली आहे. आईने तो फोटो भिंतीवरून उतरवायचं दोनदा मनात आणलं. मी उतरवू दिला नाही.