बरगडीचं नाक

शालनच्या बोटांना तेल होतं आणि तिच्या नवऱ्याच्या, शंकरच्या, नाकातलं रक्त त्याच्या तोंडात उतरत होतं. मी तिचा हात फटक्यानं उडवला. शंकरला बसतं करून पुढं वाकवलं. नर्सिंग असिस्टंट हवालदार धावत आले.

"काय झालं?"

"हिनं नाक ओढलं."

"बर्फ आणा. मेजरसाहेबांना बोलवा. पळा."

मी पळाले.

नाईक शंकर मुरगूडकडचा, फौजेत माझ्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, सेक्शनमधला. एकाहत्तरच्या लढाईत दोघं एकाच खंदकात होते. तोफगोळा पडला. शंकरच्या नाकाचा दांडा चेपून आत गेला. मालक गेल्यावर मला कोल्हापुरात फौजी इस्पितळात वॉर्ड सहायिकेची नोकरी मिळाली. चौथी शिकलेली मी. बेडपॅन, चादरी, बर्फ, हे माझं काम. पुढं शंकर नाक नीट करून घ्यायला त्याच वॉर्डात आला.

मेजरसाहेबांनी, आमच्या सर्जननी, त्याच्या बरगडीच्या टोकाची कूर्चा, म्हणजे तिथलं मऊ हाड, काढली आणि तासून दांड्याच्या जागी कातडीखाली बसवली. रबरासारखा तयार तुकडाही मिळायचा. पण साहेब म्हणाले, जखमेच्या कातडीत परकं टिकत नाही, स्वतःचंच धरतं.

शालन रोज एसटीनं यायची. भाकरी दुधात कुस्करून भरवायची, लटकं भांडायची. मी जळायचे. त्याला दुसरा शब्द नाही.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी ऑर्डर होती, नाकाला हात लावायचा नाही. शालन आली आणि म्हणाली, "आक्का, बसकंच दिसतंय की."

"सूज हाय ती. हात लावू नको."

"माझ्या दोन्ही पोरांची नाकं मीच ओढून सरळ केली. न्हाणीत, तेल लावून."

मी चादरी आणायला वळले. तेवढ्यात तिनं तान्ह्या बाळाचं धरतात तसं ते नाक चिमटीत धरून ओढलं.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर ती रडत होती. "चांगल्यासाठीच केलं वं. नाक ऱ्हाईल न्हवं?"

"माझा लढाईवरनं परत आला असता, तर बिननाकाचा बी चालला असता."

तिनं बोटांचं तेल पदराला पुसलं.

मेजरसाहेब बाहेर आले. "तुकडा सरकला होता, परत बसवलाय. धरला नाही तर दुसरी बरगडी कापावी लागेल. या बाईंना आत सोडू नका. तुम्ही पहारा ठेवा."

मी शंकरला चमच्यानं पेज पाजायचे. शालन खिडकीच्या जाळीबाहेर उभी.

"गरम हाय, फुकून पाजा की."

"मला बी नवरा हुता. कळतंय मला."

शंकर नाकात म्हणाला, "वहिनी, बॉर्डरवर बी एवढा कडक पहारा नव्हता." मला हसू आलं. शालनला आलं नाही. आता जळायची पाळी तिची होती.

कूर्चा धरली. दांडा किंचित डावीकडं राहिला. श्वास मोकळा झाला. शालन त्याला हाताला धरून घेऊन गेली. मी कॉटवरची चादर बदलली.

त्या खंदकात दोघं होते. लान्स नाईक दत्तू, माझे मालक, तिथंच गेले. नाईक शंकर जगला.