अक्कांचा डावखुरा

"आत्ता काढलं? ही वेळ होती काय काढायची?" असं म्हणून अक्का पुढच्या सीटच्या पाठीवर तळहाताने जोरात थाप मारायच्या. गाडी चालवणारा अण्णा दचकून ब्रेक दाबायचा. त्याने काही बिघडत नसे. सकाळी पावणेनऊला सर्जापूर रोडवर ब्रेक दाबला काय आणि न दाबला काय, गाड्या उभ्याच असतात.

काढलेला असायचा तो पिचर, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका शहराची टीम होती. तिकडे संध्याकाळी सामना सुरू झाला की आपल्याकडे सकाळ असते. त्यामुळे एचएसआर लेआउटपासून ऑफिसपर्यंतचा सव्वा तास अक्कांच्या फोनवर बेसबॉल, आणि शेजारी मी. उतरून जाणार तरी कुठे?

तुमच्या ऑफिसातही असा कोणीतरी असेल. कुणाला शेअर बाजार, कुणाला होमिओपॅथी. आमच्या नशिबी बेसबॉल आला. बरं, नुसतं ऐकून घेऊन सुटका नव्हती. वाद घालावा लागायचा. मी "हो हो" म्हटलं की अक्का चिडायच्या. "होय होय काय करायलास? तुझं मत काय ते सांग की!"

मूळच्या बेळगावच्या, बंगळुरात तीस वर्षं. सगळं ऑफिस त्यांना अक्काच म्हणायचं. कंपनीने त्यांना एकदा दीड वर्ष त्या शहरात पाठवलं होतं. भाषा कळायची, माणसं कळायची नाहीत. खालच्या मजल्यावरची म्हातारी घरमालकीण रोज रेडिओवर सामना ऐकायची. तिने एके दिवशी अक्कांना बटाटे सोलायला बसवलं आणि टेबलावर चार बश्या मांडून खेळ समजावला. "म्हातारी गेली, टीम राहिली," एवढंच त्या एकदा म्हणाल्या होत्या.

ती टीम हरायची. नेमाने हरायची. आणि त्या वर्षी तिच्यात एकवीस वर्षांचा एक डावखुरा पिचर आला. खालच्या लीगमध्ये खेळत होता तेव्हापासून अक्कांची त्याच्यावर नजर होती. त्याला वर घेतल्याची बातमी आली त्या दिवशी मी उत्साहाने अभिनंदन केलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांच्या भाच्याला मी घरातून पळवून नेलं होतं.

"कच्चा आहे अजून. एक वर्ष खाली राहू द्यायचा होता."

"अक्का, खेळल्याशिवाय शिकेल कसा?"

"शिकेल की. पण हे शिकू देतात कुठं? दोन चेंडू वाईट पडले की काढतात. एकदा काढलं की त्या दिवशी परत आत येता येत नाही. मग तो काय शिकतो? आपल्याला काढतात, एवढंच शिकतो."

"पण जिंकायचंय ना त्यांना!"

"जिंकतायत कुठं?"

इब्बलूरच्या सिग्नलपर्यंत हे चालायचं. अण्णालासुद्धा तोवर अर्धा खेळ समजला होता. आरशातून बघत तो विचारायचा, "अक्का, एनाय्तु?" काय झालं? मग अक्का त्याला सगळं पुन्हा कन्नडमध्ये सांगायच्या, म्हणजे मला तेच दोनदा ऐकावं लागायचं. पाच दिवसांतून एकदा त्या डावखुऱ्याची पाळी असायची. त्या दिवशी मी कानात घालायला इअरफोन आणायचो. अक्का त्यातला एक काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवायच्या.

हे सगळं मी सोसलं असतं. पण बाईंनी तोच वाद ऑफिसात आणला.

आमच्या दोघांकडे मिळून एक प्रोजेक्ट होतं. टीममध्ये नागपूरची एक मुलगी नवीन आली होती. हुशार, कामात झपाटा, फक्त बोलताना जरा अडखळायची. नवं काम क्लायंटला दाखवायचा डेमो होता. मी म्हटलं, तिनेच बनवलंय, तिलाच दाखवू दे. अक्का म्हणाल्या, नाही. अजून दोन महिने माझ्या शेजारी बसू दे.

"अक्का, ती काही बेसबॉल खेळत नाहीये!"

"सरी, बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण नाही म्हणजे नाही."

त्याच आठवड्यात अक्का दोन दिवस बेळगावला गेल्या. मी डेमो त्या मुलीला दिला. खरं सांगायचं तर तिच्या भल्यापेक्षा अक्कांना दाखवून देण्याची हौस जास्त होती.

पहिली दहा मिनिटं छान गेली. मग क्लायंटने एक प्रश्न विचारला. तिने चुकीचं उत्तर दिलं. चूक तिच्या लगेच लक्षात आली, आणि ती वाक्याच्या मधेच अडखळली. पडद्यावर मागची पानं चाळू लागली. मी तीनपर्यंतही मोजलं नसेल. तिचं वाक्य तोडून म्हटलं, "पुढचं मी दाखवतो." ती खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकून बसली. डेमो संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

क्लायंटची तक्रार आली. अक्का परत आल्यावर मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "इतक्या नव्या मुलीला पुढे कुणी केलं?"

मी तोंड उघडलं होतं. अगदी उघडलं होतं. पण माझ्या आधी अक्का म्हणाल्या, "मी."

साहेब पंधरा मिनिटं बोलत होते. जबाबदारी, अनुभव, इतकी वर्षं काढून असं कसं करता. अक्का वहीत काहीतरी लिहीत बसल्या होत्या. मी मिटलेलं तोंड पुन्हा उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी बोलणी खायच्या तयारीने बसलो. अक्कांनी फोनवर सामना लावला. डावखुऱ्याला परत खाली पाठवलं होतं. त्या त्याच्यावर बोलल्या, मॅनेजरवर बोलल्या, त्या शहरातल्या वर्तमानपत्रावर बोलल्या. माझ्यावर एक शब्द नाही. मला वाटलं होतं त्या ओरडतील, मग मी माफी मागेन आणि मोकळा होईन. ती सोयसुद्धा ठेवली नाही बाईंनी. तुम्हीच सांगा, माणसाने वैतागायचं नाही तर काय?

त्या मुलीला मात्र त्यांनी रोज दुपारी जेवणानंतर अर्धा तास शेजारी बसवलं. स्वतः क्लायंट होऊन वाटेल ते प्रश्न विचारायच्या. तीन महिन्यांनी पुढचा डेमो तिलाच दिला. त्यातही एका प्रश्नाला ती थांबली. मी माइककडे वाकलो, तर अक्कांनी टेबलाखालून माझं मनगट पकडलं. चांगलं घट्ट. मुलगी म्हणाली, "एक मिनिट, मी तपासून सांगते." तिने तपासलं आणि सांगितलं. बरोबर सांगितलं. मनगट अक्कांनी शेवटीच सोडलं.

त्यानंतर पाच महिन्यांनी अक्का निवृत्त झाल्या. बेळगावला भावाकडे जाणार होत्या. मीटिंगच्या खोलीत केक, फुलं, सगळे जमलेले. साहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी अक्कांच्या बेसबॉलवर दोन विनोद केले, लोक हसले. मग कसं कोण जाणे, मी म्हणालो, "त्या फसलेल्या डेमोला हिला पुढे मी केलं होतं. अक्का गावातच नव्हत्या. आणि मधेच तिला बाजूला केलं, तेही मीच."

हसणं थांबलं. साहेब फोनमध्ये बघू लागले. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

"केक कापायचा की नाही?" अक्का म्हणाल्या. "क्रीम वितळायलंय."

संध्याकाळी शेवटचं एकत्र घरी निघालो. अण्णाने त्या दिवशी रेडिओ लावला नाही. एचएसआरच्या अलीकडच्या आगरा तलावाजवळ आल्यावर अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आठ महिने लागले तुला."

"हो, अक्का."

"मी वर्ष धरलं होतं."

त्यांची गल्ली आली. फुलांचा गुच्छ काखेत, एका हातात पर्स, दुसऱ्यात उरलेल्या केकचा डबा. मी उतरून दार धरायला गेलो, तर "बसूनच राहा रे, मागून बस आलीय," म्हणून त्यांनी कमरेने दार ढकलून लावलं आणि चालू लागल्या. गुच्छातली दोन फुलं रस्त्यात पडली. त्या थांबल्या, वाकल्या, फुलं उचलून डब्यावर ठेवली आणि कोपऱ्यावरून वळल्या.