लॉन निंदणारे मामाजी

अकरा जानेवारी. आज लॉन कापायचं आहे. थंडीत महिन्यातून एकदाच मशीन फिरवायचं आणि गवत दोन बोटं उंच ठेवायचं, हा माझा नियम. हा नियम करण्याची वेळ माझ्यावर सासऱ्यांनी आणली. अमरावतीच्या आमच्या घरासमोर जेमतेम वीस बाय तीस फुटांचं लॉन आहे. त्याच्यावरून एका हिवाळ्यात आमच्याकडे जेवढे वाद झाले, तेवढे माझ्या लग्नातल्या मानपानावरूनही झाले नव्हते.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. हिवरखेडला, स्वतःच्या वावरात, सकाळचं काम आटोपून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले आणि बसल्या जागी गेले. अकोल्याच्या माझ्या नणंदबाई अजून चारचौघांत सांगतात, "वहिनीनं गवतापायी बाबाले घराबाहेर काढलं." मी त्यांना काढलं नाही, नेऊन सोडलं. पण हा फरक नणंदबाईंना समजावत बसायला मला वेळ नाही, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

मामाजी आमच्याकडे आले ते दिवाळीनंतर. त्याआधी त्यांच्या छातीत एकदा दुखून गेलं होतं, मोतीबिंदू निघाला होता. माझ्या नवऱ्यानं, विजयनं, परस्पर ठरवून टाकलं की आता शेती पुरे. वावर ठोक्यानं दुसऱ्याला करायला दिलं, कागदावर बापाची सही घेतली आणि बापाला गाडीत घालून आणलं. सोबत एक कापडी पिशवी होती. तिच्यात दोन धोतरं, औषधाचा डबा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खुरपं.

ते खुरपं मी दुसऱ्याच दिवशी पाहिलं. सकाळी दार उघडलं तर मामाजी लॉनमध्ये उकिडवे बसलेले. टोपी मागे सरकवलेली, आणि मागे एका बाजेएवढी जागा मातीपर्यंत साफ.

"मामाजी! हे काय करताय?"

"निंदून राहिलो," ते मान वर न करता म्हणाले. "काहून, एवढी हरळी माजू देली तुमी? घरात चार मानसं असून कोनाच्या नजरेत नाई आली?"

मी सांगितलं की ही हरळी मी मुद्दाम लावली आहे. रोपवाटिकेतून पोत्यानं आणली आहे. त्यांनी खुरपं खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी घरात उंदीर विकत आणून सोडले आहेत. "हरळी? इकत?" मग पुन्हा, जरा हळू, "इकत?"

त्यांचीही बाजू होती, हे मला कळत होतं. काळ्या जमिनीत हरळी शिरली की ती निघत नाही. काडी राहिली तर काडीतून फुटते. मामाजींनी साठ वर्षं तिच्याशी झुंज दिली होती. त्यांचं वावर गावात त्यासाठीच ओळखलं जायचं. "आपल्या वावरात सुई पडली तं उभ्यानं दिसे," असं ते सांगत, आणि ते खरंच होतं. मी लग्नानंतर पाहिलेलं आहे. ज्याच्या वावरात गवत तो माणूस आळशी, एवढा साधा हिशेब.

पण माझीही बाजू होती. मी घरी पाळणाघर चालवते. अकरा मुलं, दीड ते चार वर्षांची. या गावात अंगण असलेली पाळणाघरं आहेत, पण अंगणात गवत असलेलं माझं एकच. तीन वर्षं पाणी घालून मी ते जमवलं. गवत नसलं की आमची काळी माती पावसात पायाला किलो किलो चिकटते आणि हिवाळ्यात पिठासारखी उडते. नोकरी करणाऱ्या आया मुलं माझ्याकडे ठेवतात त्या या हिरव्या तुकड्याकडे पाहून. मी हे सगळं मामाजींना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गनपतीले दुर्वाच्या एकवीस जुड्या लागतात, बाई. एवढी कायले?"

शेवटी मी तडजोड केली. दिवाळीत घेतलेलं ढकलायचं मशीन त्यांच्या हाती दिलं. म्हटलं, आठवड्यातून एकदा फिरवा, हात चालू राहील. चाकाजवळच्या खटक्यानं उंची ठरते तेही दाखवलं. खटका तीनवर ठेवून मी मुलांची खिचडी टाकायला आत गेले. बाहेर आले तर लॉन न्हाव्याकडून आल्यासारखं. खटका एकवर.

"मामाजी, खटका कोणी खाली केला?"

"मशीनच बसली खाली. म्हतारी झाली ते बी."

"मशीन या दिवाळीचं आहे."

"मंग कंपनी लबाड असन."

हे दर दोन-तीन दिवसांनी होऊ लागलं. मी खटका तीनवर करायची, बाजारात गेले की तो एकवर यायचा. मी खटक्याला तार बांधली. तार दुसऱ्या दिवशी मला खिडकीच्या गजाला नीट गुंडाळून ठेवलेली सापडली. वस्तू वाया घालवायची नाही, हा त्यांचा बाणा. डिसेंबरात मी त्यांना सांगितलं की थंडीत गवत वाढत नाही, आत्ता मुळापर्यंत कापलं तर दोन महिने तसंच बोडकं राहील. ते हसले. "आपल्या इकडं काय बरफ पडते? आन् तू कायले घाबरतं? हिले मरन नाई. म्या साठ वर्सं मारली, मेली का?"

"मला ती मेलेली नको आणि झोपलेलीही नको, मामाजी. मला ती आत्ता हवी आहे."

"हवी म्हने," ते मशीनला म्हणाले.

त्यातच हिवरखेडचे एक सोयरे भेटायला आले. त्या वेळी गवत मोठ्या मुश्किलीनं बोटभर वर आलं होतं. सोयऱ्यांनी फाटकातूनच हाक दिली, "काय बुवा, शहरात येऊन वावर पडीक टाकलं का?" गंमतच केली होती त्यांनी. पण मामाजींनी समोरचा चहा घेतला नाही. सोयरे गेल्यावर त्यांनी मशीन काढलं, आणि मशीननं जे राहिलं ते खुरप्यानं काढलं. संध्याकाळपर्यंत कुंपणाच्या कडेची एक पट्टी सोडली तर सगळी जमीन उघडी पडली होती. मी भांडी घासायला आत गेले, कारण बाहेर थांबले असते तर फार बोलले असते.

मी मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली त्यांना जागा करून दिली. म्हटलं, इथं मेथी लावा, सांबार लावा (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), वांगी लावा. त्यांनी ती जागा चार पावलांत मोजली. "सांबार लावाले मानूस लागते का? चूळ भरली तरी उगवते." आणि पुन्हा पुढे गेले.

कळस झाला तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. मी दूध तापवत होते. बाहेर अकरा मुलं असूनही आवाज नव्हता. पाळणाघर चालवणाऱ्या बाईला शांततेइतकी भीती कशाची वाटत नाही. धावत बाहेर आले. मामाजींनी पोरांना ओळीत उकिडवं बसवलं होतं. एकेकाला एकेक ओळ वाटून दिली होती. उरलेल्या पट्टीतलं गवत अडीच-अडीच वर्षांची पोरं दोन्ही हातांनी उपटत होती आणि मामाजी मागून फिरत होते. "मुळातून काढ रे पोट्ट्या, वरवर नाई. हे पाय, ह्या पोरीचं काम पाय कसं साफ हाय!"

ती पोरगी खुशीत होती. संध्याकाळी न्यायला आलेली तिची आई खुशीत नव्हती. तिनं नखांतली माती पाहिली, लॉन पाहिलं, धूळ पाहिली, आणि महिनाअखेरीस पोरीला काढते म्हणाली. दुसऱ्या एका मुलाला धुळीनं खोकला झाला होता, त्याच्याही आईनं तेच सांगितलं. तिसरी म्हणाली, "फेब्रुवारीपर्यंत बघते, मॅडम." तीन वर्षांत जमवलेलं माझं काम दोन महिन्यांत उखडत होतं, तेही मुळापासून, आणि उखडणारा माणूस जेवताना मला विचारत होता, "आज भाजीत मीठ कमी काहून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं झोपली होती. मामाजी पुन्हा मशीन घेऊन निघाले. कापायला काही उरलंच नव्हतं, तरी निघाले. मी दारात आडवी उभी राहिले.

"ठेवा ते. हे तुमचं वावर नाही, मामाजी."

आवाज चढला होता माझा. आत एक मूल उठून रडायला लागलं. मामाजींनी मशीन भिंतीला टेकवलं. मला वाटलं, आता चिडतील. मी तयारच होते. पण ते अगदी साध्या आवाजात, पत्ता विचारावा तसं म्हणाले, "मंग माहं वावर कुठं हाय, तेवढं सांग."

रडणाऱ्या मुलाला थोपटायला मी आत गेले. थोपटता थोपटता राग गेला नाही, पण तो कोणावर आहे याचा विचार मात्र करावा लागला. सही घेतली त्या दिवशी मीही तिथंच होते. चहा मीच केला होता.

संध्याकाळी विजय आला. मी त्याला म्हटलं, "उद्या मी मामाजींना हिवरखेडला नेऊन सोडते."

"वेडी झाली का? डॉक्टर काय म्हणाले विसरली?"

"डॉक्टर म्हणाले आराम करा. इथं कुठं करतात? तिथं काकाजी शेजारी आहेत, काकू भाकरी घालतील. ठोकेदाराला सांगून दोन एकर सोडवून घे."

"आणि तिथं काही झालं तर?"

"इथं काय होतंय ते तू पाहतच नाहीस. तू सकाळी नऊला जातोस."

"लोक म्हणतील, सुनेनं घालवलं."

"म्हणू देत." पुढे म्हणालेच. माझी स्वतःची नणंदच म्हणाली. आणि जे व्हायची भीती विजयला होती तेही दोन वर्षांनी तिथंच झालं. त्या दोन वर्षांचं माप मी काढत बसत नाही. मात्र ती त्यांनी वावरात काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच मी सगळ्या आयांना मेसेज टाकला, आज पाळणाघर बंद. मामाजी ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "चला, गावाला जायचं."

"कोनत्या?"

"हिवरखेडला."

त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. "पोट्ट्यायले कोन पाहीन?"

"आज सुट्टी दिली."

ते आत गेले आणि पाच मिनिटांत पिशवी घेऊन बाहेर आले. एवढ्या वेळात पिशवी भरून होत नाही. ती किती दिवसांपासून भरलेली होती, मी विचारलं नाही.

परतवाड्याला गाडी बदलली. अकोटच्या रस्त्याला लागल्यावर ते खिडकीशी सरकले, काच मागे ढकलली आणि प्रत्येक वावर तपासू लागले. हरभरा बरा म्हणाले, गहू पातळ म्हणाले. एका ठिकाणी एकदम माझा हात हलवला. "पाय, पाय शोभा! धुऱ्यावर केवढी हरळी! कोनाचं असन हे? लाज नाई लोकायले."

मी वाकून पाहिलं. दाट, मऊ, हिरवंगार गवत होतं. माझ्या अकरा मुलांना पुरून उरलं असतं.

"हो ना," मी म्हटलं. "फारच माजली आहे."