मळीच्या ढिगावरचा होम

रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनात मी जन्मभर धातुशास्त्र शिकवलं आणि गेल्या मे महिन्यात सुटले एकदाची. सुटले म्हणते खरी, पण एक काम अंगाला चिकटलंय ते काही सुटत नाही. आमच्या या जांभ्या दगडाच्या मुलखात पूर्वी लोक मातीच्या भट्ट्या लावून लोखंड गाळायचे. ते नेमकं कधी, एवढंच मला शोधून काढायचं होतं. हे कुणाला सांगितलं की तो आधी विचारतो, "कोकणात? आणि लोखंड?" मग मी त्याला जांभा लाल का असतो ते समजावते. तो मान डोलावतो आणि यंदा आंबा कसा आहे म्हणून विचारतो.

लोखंड गाळलं की मागे मळी उरते. काळी, जड, मधेमधे काचेसारखी चकाकणारी. भट्टी जाते, भाता जातो, माणसं जातात, पण मळीचा ढीग कुठे जात नाही, त्याचं कुणाला कामच नसतं. अशा ढिगाच्या तळाशी त्या भट्टीतला लाकडी कोळसा सापडला, अगदी चिमूटभर, तर प्रयोगशाळेत त्याचं वय काढता येतं. अट एकच. तो कोळसा तेव्हापासून कुणी हलवलेला नको आणि त्यात दुसऱ्या कुठल्या विस्तवाची भेसळ नको.

सांगायला सोपं आहे हो. मी संगमेश्वर, देवरूख, लांजा अशी रानं तुडवली. एसटीनं जायचं, मग पायी, मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जीव मुठीत धरून. ढीग होते, नाही असं नाही. पण मी पोचायच्या आधीच कुठे चिऱ्याची खाण लागलेली, कुठे रस्त्याला भराव म्हणून सगळा ढीग उचललेला. "गेल्या साली आला असतात तर दाखवला असता," हे वाक्य मी इतक्या अंगणांत ऐकलंय की पुढे पुढे समोरच्यानं तोंड उघडलं की मीच ते म्हणायची. नवरा म्हणायचा, "अगं, तू वरातीमागून घोडं घेऊन जातेस." त्याला काय जातंय बोलायला. गुडघे माझे गेले.

शेवटी एकच ढीग धड उरला. संगमेश्वरच्या आत, एका वाडीच्या वरच्या अंगाला ग्रामदेवीची राई आहे, तिच्यात. राईत कोयती लावत नाहीत, कुदळ मारत नाहीत, म्हणूनच तो वाचला होता. लोक त्याला राकसाची चूल म्हणायचे आणि तिन्हीसांजेनंतर तिकडे फिरकायचे नाहीत. पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा मला खरंच रडू आलं. ढिगाच्या कडेला भात्याच्या मातीच्या नळीचं तोंड अर्धं वर आलेलं होतं, आतून भाजून निळसर झालेलं. कुणीही हात लावलेला नव्हता.

सरकारी परवानगी काढता काढता चपला झिजल्या. ती हातात आली आणि कळलं की खरी परवानगी अजून बाकी आहे. गावच्या थोरल्या मानकऱ्यांनी ते मला फार हळू सांगितलं. वयानं ऐंशीच्या पुढचे, कमरेत वाकलेले, आयुष्यभर मुंबईच्या गिरणीत काढून गावी परतलेले. मला ते बाय म्हणायचे, मी त्यांना काका म्हणायची. "बाय, कागद ऱ्हाऊदे. देवीला इचारूया."

म्हणून कौल लावला. गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या, काकांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्यात माझं नाव, गाव, माहेर, सासर सगळं आलं. "तुझी लेक आलीय, तिच्या मनात वाईट नाय, तिला लागेल ती माती दे," असं ते बोलले आणि बाकीचे "व्हय महाराजा" म्हणाले. आत्ता खणू का, असं विचारलं तर डावी कळी पडली, म्हणजे नकार. शिमग्यानंतर खणू का, म्हटलं तर उजवी, म्हणजे होकार. मी मनात हिशेब केला. मी निवृत्त व्हायच्या आत प्रयोगशाळेनं माझा एक नमुना तपासून द्यायचं कबूल केलं होतं, आणि शिमग्यानंतर लगेच खणलं तर जेमतेम जमत होतं. म्हटलं, चला, देवीनं अगदीच हात वर केले नाहीत.

शिमग्याच्या दिवसांत काकांचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. "उद्या होळीचा होम लागतोय. तू परवा ये. तुझी सगळी तयारी करून ठेवतंय."

तयारी म्हणजे गवत काढतील, फार तर चहाची सोय करतील, असं मला वाटलं. त्यांच्यासाठी पेढे घेतले आणि पिशवीत थापी, ब्रश, नमुन्यांच्या स्वच्छ डब्या भरून निघाले. दुसऱ्या कुठल्या कोळशाचा हात लागू नये म्हणून त्या डब्या मी घरी किती वेळा धुतल्या होत्या ते नवऱ्याला विचारा.

वाडीत पोचले तर देवीची पालखी घरं घ्यायला, म्हणजे घरोघर भेटीला, निघालेली, ढोल कुठेतरी खालच्या अंगाला वाजत होते. दरवर्षी होम शाळेच्या माळावर लागतो हे मला ठाऊक होतं. माळ कोरा होता. राख नाही, काही नाही. काका काठी टेकत पुढे झाले आणि राईच्या वाटेला लागले. मला धुराचा वास आला.

ढीग राहिला नव्हता. म्हणजे होता, पण सपाट केलेला. होळीचा माड उभा करायला त्याच्या बरोब्बर मध्यात खड्डा मारला होता, चांगला पुरुषभर खोल, तळातल्या जांभ्यापर्यंत. माडाचा जळका बुंधा अजून त्यात उभा होता आणि सगळीकडे धुमसती राख, निखारे, फुटलेल्या नारळांच्या करवंट्या. खड्ड्यातून वर काढलेली माती, तीच माती जिच्यासाठी मी इतकी वर्षं फिरले, ती होमाभोवती गोल पसरून चोपून बसवली होती. तिच्यात काळे कण चमकत होते. यंदाचे की तेव्हाचे, हे देवीलाच माहीत.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे करायला?" मी ओरडलेच. "काका, कुणी सांगितलं होतं?"

आमच्यामागून आलेली दोन-तीन माणसं मागे सरली. काका मात्र घाबरले नाहीत. त्यांना वाटलं, माझा ऊर भरून आलाय.

"देवीनं," ते म्हणाले. "परत कौल घेतला न आमी. अगं, राकसाची जागा ती. तू तिला लोखंड लावनार, वर बाईमानूस, एकटी. तुझ्या अंगावर काय आलं म्हंजे? मला झोप लागंना बघ. मग म्हनलं, होमच तिथं लावूया. आगीनं जागा मोकळी व्हते. समदा गाव कबूल झाला तुझ्यासाठी."

ज्या जागेत लोखंड जन्माला आलं, त्या जागेला लोखंड लावायचं म्हणून यांनी ती आधी जाळली. हे मी मनात म्हटलं, तोंडानं नाही. गावानं वर्षानुवर्षांची होमाची जागा सोडली होती, त्यावरून कितीतरी वाद झाले असतील. वाकलेल्या कमरेनं हा माणूस घरोघर जाऊन लोकांना मनवत फिरला असणार, कशासाठी, तर मला काही होऊ नये म्हणून. मी खड्ड्याच्या कडेला खाली बसले. राग गेला असं नाही. राग होताच, पण तो ठेवायला जागा सापडेना.

मग मळीचे गोळे उचलून फोडून पाहिले. कधी कधी मळी थिजताना कोळसा पोटात धरून ठेवते, तेवढी एक आशा होती. दगडानं एकेक फोडत गेले. आत कोळशाचा ठसा होता, लाकडाच्या रेषासुद्धा मोजता याव्यात इतका स्वच्छ, पण ठसाच. कोळसा कधीच झडून गेला होता. पुढचा फोडला, त्यातही ठसा. मग फोडणं थांबवलं.

काका हे सगळं मोठ्या कौतुकानं बघत होते. त्यांनी वाकून खड्ड्याच्या कडेची राख चिमटीत घेतली, देवीच्या दिशेनं हात जोडले आणि ती माझ्या कपाळाला लावली. राख अजून कोमट होती.

"आता बिनघोर खन बाय," ते म्हणाले. "आता तुला काय व्हनार नाय."

खणण्यासारखं तिथे काहीच उरलं नव्हतं. पण ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, लेकीचं काम बघायला. मी पिशवीतून थापी काढली, धुतलेली एक डबी उघडून शेजारी ठेवली आणि खणायला बसले.